चढण न लागणारा मासा: चिलापीची जीवनकथा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, धरणाचं पाणी मागे हटू लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो. भीमेच्या काठाने, उजनीच्या पाणफुगवट्याकडे त्या दिवसांत गेलात तर एक गोष्ट बघा. वाळत चाललेल्या गाळात शेजारी शेजारी गोल खळगे दिसतात. कुणीतरी ओल्या मातीत ताटं दाबून उचलून घ्यावीत, तसे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गुरांचे खूर असतील किंवा मुलांनी खेळताना केलेले खड्डे असतील. तसं नाही. पाणी होतं तेव्हा तिथे माशांचं लग्नघर होतं. प्रत्येक खळगा एका नराने तोंडाने खणलेला आहे.

हा मासा म्हणजे आपल्या बाजारातली चिलापी. कुणी टिलापिया म्हणतं. शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोझाम्बिकस. नावातच गाव आहे. हा मासा मूळचा आग्नेय आफ्रिकेचा. झांबेझीच्या खालच्या भागापासून दक्षिणेकडे समुद्राला मिळणाऱ्या नद्यांमधला. पेटर्स नावाच्या जर्मन निसर्गअभ्यासकाने मोझाम्बिकमधून आणलेल्या नमुन्यांवरून १८५२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं.

आज आपण या माशाचं एक आयुष्य क्रमाने बघू. तो जन्मतो कसा, वाढतो कसा, पिल्लं कशी सांभाळतो. ते समजलं की झांबेझीतला मासा भीमेत इतका का रुजला, याचं उत्तर आपोआप मिळतं. आणि ते उत्तर माशाइतकंच आपल्याबद्दलही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

इथवर आला कसा?

आधी प्रवास. १९३९ साली जावा बेटाच्या पूर्व भागात, दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खाजणात हे मासे सापडले. मोजून पाच. आफ्रिकेतून तिथे कसे पोचले, हे आजही कोडंच आहे. ज्याला सापडले त्या मुजाइर नावाच्या माणसाने ते पाळून वाढवले, आणि इंडोनेशियात आजही या माशाला ‘मुजाइर’च म्हणतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमल आला. खाऱ्या तळ्यांत पाळायच्या दुसऱ्या माशाचं बीज मिळेना, तेव्हा हाच मासा कामी आला. तिथून मलाया, मग थायलंड. आणि १९५२ साली बँकॉकहून तो तमिळनाडूतल्या मंडपम इथल्या संशोधन केंद्रात आला.

तो काळ लक्षात घ्या. देशात अन्नधान्याची टंचाई होती. लवकर वाढणारा, कशावरही जगणारा, कुठल्याही डबक्यात तग धरणारा मासा म्हणजे गरिबाच्या ताटातलं प्रथिन. आणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण काही वर्षांतच लक्षात आलं की तळी माशांनी भरतात खरी, पण सगळे मासे बोटभर. १९५९ मध्ये देशाच्या मत्स्य संशोधन समितीने हा मासा पुढे पसरवू नये असं ठरवलं. तोवर उशीर झाला होता. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात, तळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि धरणात तो पोचत गेला.

तळ्यात सगळे बोटभरच का राहिले? ते कळायला त्याचं आयुष्य बघावं लागेल.

खळगा, रंग आणि तोंड

विणीचे दिवस आले की नर रंग बदलतो. एरवी करडा-हिरवट असणारा मासा काळाभोर होतो, गळा आणि हनुवटी पांढरी पडते, पंखांच्या कडा लालसर होतात. मग तो उथळ, संथ पाण्यात जागा धरतो आणि तळाची माती तोंडात घेऊन बाजूला थुंकतो. असं करत करत ताटाएवढा खळगा तयार होतो. शेजारी दुसरा नर, त्याच्या शेजारी तिसरा. अशी नरांची वसाहतच उभी राहते. तिथे भांडणंही चालतात, आणि त्यात एक गमतीचा भाग आहे. नर आपलं मोठेपण मूत्रावाटे कळवतो. त्यातल्या रसायनांच्या वासावरून दुसऱ्या नराला आणि मादीलाही अंदाज येतो, की हा किती दांडगा आहे.

मादी येते, एका खळग्यात अंडी घालते, आणि लगेच वळून ती तोंडात उचलते. नराचं बीजही तिथेच मिळतं. एवढं झालं की नराचं काम संपलं. तो पुढच्या मादीची वाट बघतो. मादी मात्र तोंड भरून तिथून निघते.

इथून पुढे साधारण दोन-तीन आठवडे ती मादी जवळजवळ उपाशी असते. तोंडात काहीशे अंडी. मादी मोठी असेल तर हजाराच्याही वर. अंडी ती तोंडातल्या तोंडात घोळवत राहते, म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळतं आणि बुरशी धरत नाही. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं तोंडातच राहतात. त्यांच्या पोटाला लागलेली पिवळ्या बलकाची शिदोरी संपली की आई त्यांना बाहेर सोडते, पण लांब जाऊ देत नाही. जरा कुठे सावली पडली, पाणी हललं, की सगळी पिल्लं आईच्या तोंडात परत. कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं शिरतात ना, अगदी तसंच. फक्त इथे पंखाऐवजी जबडा आहे.

आता जरा हिशेब बघू. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाखांच्या घरात अंडी देते. चिलापीची काहीशे. मग जिंकायला रोहू हवा ना? पण रोहू अंडी पाण्यावर सोडतो आणि निघून जातो. लाखांमधली मूठभर जगतात. चिलापी थोडी अंडी देते, पण प्रत्येकाला घर देते. शिवाय पाणी उबदार असेल तर महिना-सव्वा महिन्यात मादी पुन्हा विणीला तयार होते. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की वीण थांबते, १० अंशांच्या आसपास मासाच मरतो. पण आपल्या दख्खनच्या सपाट भागात नदीचं पाणी तितकं गार कुठे होतं? म्हणजे वर्षातले बरेच महिने चिलापीच्या विणीचे.

आता तळ्यातल्या बोटभर माशांचं कोडं. मोकळ्या, भरपूर अन्नाच्या पाण्यात चिलापी वर्षभराने, वीतभर झाल्यावर वयात येते. पण दाटी झाली, अन्न कमी पडलं, पाण्याचा भरवसा राहिला नाही, की तीच चिलापी दोन-तीन महिन्यांत, जेमतेम बोटाएवढी असताना पिल्लं देऊ लागते. अंगाची वाढ थांबवून सगळी शक्ती विणीवर लावते. तिच्या मूळ देशात याला अर्थ आहे. तिथले पूर ओसरल्यावर मागे राहिलेली डबकी कधी आटतील, सांगता येत नाही. आटायच्या आत पुढची पिढी तयार हवी. आपल्या तळ्यांमध्ये या सवयीचा परिणाम असा झाला, की मासे वाढले संख्येने, वजनाने नाही.

खाण्याचंही तसंच. शेवाळ, गाळातला कुजका पाला, पाण्यातले सूक्ष्म जीव, किडे, वेळ पडली तर दुसऱ्यांची अंडी आणि बारीक पिल्लं. पोटातलं आम्ल इतकं तीव्र, की बऱ्याच माशांना न पचणारं निळं-हिरवं शेवाळही ती पचवते. प्राणवायू कमी झाला तर पृष्ठभागाशी येऊन वरच्या पातळ थरातलं पाणी कल्ल्यांतून घेते. गोड पाणी, मचूळ पाणी, अगदी समुद्राचं खारं पाणीसुद्धा तिला चालतं.

आता आपले मासे

कोकणात आणि घाटाखाली ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ‘चढणीचे मासे’ किंवा ‘वलगणीचे मासे’ सांगायला नको. मृगाचा पाऊस पडतो, ओढे-ओहोळ वाहू लागतात, आणि मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. भातखाचरापर्यंत येतात. आपल्याला तो मासे धरायचा सण वाटतो. माशांसाठी ती विणीची वाट आहे.

आपल्या नद्यांतल्या कितीतरी माशांचं आयुष्य या चढणीला बांधलेलं आहे. पावसाचा पूर हीच त्यांची घंटा. पाणी गढूळ होतं, गार होतं, वेग धरतं, तेव्हा ते निघतात. महसीर घ्या. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची यादी केली, आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरला १८३९ साली ‘खुद्री’ हे नाव दिलं. आजही त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री आहे. म्हणजे ज्या नदीकडे आज आपण नाक धरून बघतो, ती या माशाच्या शास्त्रीय नावाचं जन्मगाव. महसीरला वाहतं, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि तळाला गोटे-वाळू लागते. तो सावकाश वयात येतो, अंडी गोट्यांत टाकतो आणि पुढे त्यांची राखण करत नाही. त्याने नदीवर विश्वास टाकलेला आहे. नदी पावसाळ्यात वाहणार, गोटे स्वच्छ राहणार, एवढं त्याने गृहीत धरलेलं आहे.

ते गृहीतच आपण मोडलं. मुठेवर आणि तिच्या उपनद्यांवर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मुळेवर मुळशी. पवनेवर पवना. भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेलं उजनी. धरणाच्या भिंतीला मासा चढत नाही. पूर कधी यायचा, हे आता दरवाजे ठरवतात. वाळू उपसली. मधल्या टप्प्यात दोन मोठ्या शहरांचं सांडपाणी मुळा-मुठेत येतं, ते पुढे भीमेला आणि तिथून उजनीला मिळतं. सांडपाण्याबरोबर खत येतं, खतावर शेवाळ आणि जलपर्णी वाढते, रात्री प्राणवायू घटतो, तळाला गाळ साचतो.

आता ही यादी पुन्हा एकदा चिलापीच्या नजरेने वाचा. संथ पाणी: खळगे करायला उत्तम. गाळ: खणायला मऊ. शेवाळ: जेवण. प्राणवायू कमी: चालेल. पूर नाही: हरकत नाही, चढण लागतच नाही. अंडी गाळाखाली गुदमरतील? ती आईच्या तोंडात आहेत.

म्हणून आमचं म्हणणं असं. चिलापीने नदी जिंकली असं म्हणण्यापेक्षा, आपण नदी चिलापीसारखी करून ठेवली असं म्हणणं खऱ्याच्या जवळ जाईल. तिने नुकसान केलं नाही असं नाही. जागा, अन्न, अंडी-पिल्लं या तिन्ही ठिकाणी तिचा उपद्रव आहे. तमिळनाडूत वैगईसारख्या जलाशयांत ती वरचढ झाली, राजस्थानातल्या जयसमंद तलावात ती आल्यानंतर मोठ्या देशी माशांचं सरासरी वजन घटल्याची नोंद आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० परक्या जीवांच्या प्रसिद्ध यादीत तिचं नाव आहे. पण आधीच दुबळ्या झालेल्या नदीत तिचा घाव जास्त खोल जातो.

दोन बाजू

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते एकतर्फी होईल. उजनीच्या काठच्या भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबांचा संसार आज मोठ्या प्रमाणात चिलापीवर चालतो. भिगवण-इंदापूर भागातल्या मासळी बाजारात पाटीत जे दिसतं त्यात चिलापी असतेच. त्या माणसांना ‘हा मासा वाईट’ असं आपण शहरातून येऊन सांगणं बरं दिसत नाही. पूर्वी जाळ्यात येणारे देशी मासे कमी झाले ते त्यांच्यामुळे नव्हे. जे पाण्यात उरलं, ते त्यांनी धरलं.

आणि एक विचित्र गोष्ट. जगभर त्रासदायक ठरलेला हा मासा त्याच्या स्वतःच्या घरी संकटात आहे. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपोसारख्या नद्यांत मत्स्यपालनासाठी नाईल चिलापी आणली गेली. ती पाण्यात सुटली, मोझाम्बिक चिलापीशी तिचा संकर होऊ लागला, आणि मूळ मासा हळूहळू पुसला जातोय. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याला ‘असुरक्षित’ ठरवलं आहे. नाईल चिलापी भारतातही आली आहे. आपल्या बाजारात ‘चिलापी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांत ती आणि तिचे संकर मिसळलेले असतात.

याहून जवळचं उदाहरण आपल्या खुद्रीचंच आहे. लोणावळ्याजवळच्या केंद्रात महसीरची कृत्रिम पैदास यशस्वी झाली, ही अभिमानाची गोष्ट. पण तिथली पिल्लं कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे, आणि खुद्रीच्या वाढीकडे त्याच्या एका कारणाचं बोट दाखवलं जातं. भीमेत जो घरचा, तो कावेरीत परका. म्हणजे ‘परका’ ही गोष्ट देशाच्या सीमेने ठरत नाही, खोऱ्याने ठरते. आपला लाडका रोहूसुद्धा मूळचा उत्तरेतला.

मग करायचं काय?

चिलापी आता भीमेतून काढता येणार नाही. हे मान्य करून पुढे जाऊ. तीन गोष्टी मात्र हातात आहेत.

पहिली: जिथे ती पोचलेली नाही तिथे पोचवू नये. घाटमाथ्याजवळचे छोटे ओढे, धरणांच्या वरचे प्रवाह, देवराईतले डोह इथे देशी मासे अजून तग धरून आहेत. शेततळ्यात चिलापी असेल तर तिथलं जादा पाणी ओढ्यात जाणार नाही याची काळजी घ्या. तोंडात पिल्लं असलेली एक मादी म्हणजे अख्खं गाव पाठीवर घेऊन निघालेला माणूस. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तर हा मासा बाळगायलाच कायद्याने बंदी आहे.

दुसरी: चढण परत द्या. पावसाच्या सुरुवातीला, मासे वर निघतात त्याच दिवसांत धरणातून थोडं पाणी सोडणं, लहान बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर काढणं, आणि त्या पंधरा दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी आडवं जाळं न लावणं. चढणीचे मासे खाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. वाट अडवून सगळेच धरू नका, एवढंच.

तिसरी: पाणी. सांडपाणी शुद्ध झाल्याशिवाय नदीत येऊ नये. हे शंभर वेळा बोलून झालंय, पण या व्याख्यानात त्याला वेगळा अर्थ आहे. स्वच्छ, वाहत्या पाण्यात चिलापीची सगळी हुशारी उपयोगाची राहत नाही. तिथे देशी माशांना बरोबरीची संधी मिळते.

महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात. कुणी मारत नाही. तिथे काठावर उभं राहून पाण्यात बघितलं, की आपली नदी काय सांभाळू शकते याची कल्पना येते. उजनीच्या गाळातले खळगे आणि वाळणकोंडीचा डोह, दोन्ही आपल्याच हातचं आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*चिलापी खायला चालते का?*

मासा म्हणून काहीच अडचण नाही. जगभर कोट्यवधी लोक खातात. प्रश्न पाण्याचा आहे. सांडपाण्यातला कुठलाही मासा, मग तो देशी असो वा विदेशी, टाळलेला बरा. विकणाऱ्याला ‘कुठलं पाणी?’ हे विचारायची सवय लावा.

*मोठी मोहीम काढून सगळ्या चिलापी पकडता येणार नाहीत का?*

छोट्या तळ्यात येतील. पाणी उपसून तळं पूर्ण वाळवायचं. नदीत ते जमणार नाही. शिवाय तिचा स्वभाव आठवा. मोठे मासे काढत गेलात तर उरलेले लहानपणीच वयात येऊन पिल्लं देऊ लागतात. विष टाकलं तर चिलापीबरोबर बाकी सगळंच मरेल.

*मग मरळ सोडली तर? ती चिलापीची पिल्लं खाते ना?*

खाते. तळ्यांमध्ये हा उपाय वापरतात. नदीत बाहेरून काही आणून सोडण्यापेक्षा तिथे असलेली मरळ, शिंगाडा, वाम यांना टिकू द्यावं. एक मासा आणून झालेली चूक दुसरा मासा आणून दुरुस्त करायला गेलं, की काय होतं ते आज आपण बघितलंच.

*घरच्या काचेच्या टाकीतले मासे मोठे झाले. नदीत सोडले तर?*

नको. कृपा करून नको. भीमेच्या खोऱ्यात आता टाकीतला सकर मासाही सापडू लागला आहे, आणि तो मच्छीमारांची जाळी फाडतो. दुकानदाराला परत करा, कुणा पाळणाऱ्याला द्या. विसर्जनाच्या भावनेने सोडलेला मासाही नदीसाठी परकाच असतो.

*भारतात या जातकुळीचे स्वतःचे मासे आहेत का?*

आहेत, आणि ते आवर्जून बघण्यासारखे आहेत. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात, तो खाडीतला मासा चिलापीचाच दूरचा भाऊबंद. तो अंडी तोंडात घेत नाही. दगडाला किंवा लाकडाला चिकटवतो, आणि नर-मादी दोघं मिळून राखण करतात. पुढच्या वेळी गोव्यात ताटात कालुंदर आला, तर त्याच्या संसाराची आठवण ठेवा.